रहमान, तांत उतरली आहे

रहमान, बासची दुसरी तांत पुन्हा उतरली आहे. सकाळी खुंटी पिळून तिला स्वरात आणून ठेवली होती, दिवेलागणीला पाहतो तर बाई पुन्हा सैल. भादव्याच्या दमट हवेत तांत अशीच वागते, हे मला कुणी सांगायला नको. तरी मी सवयीने हाक मारली, "अरे, हिला जरा बघ रे." आणि मग ओसरीवर माझा मीच उभा. आमची ही स्वयंपाकघरातून डोकावली आणि आत गेली.

तुझा मला राग आला आहे. खोटं कशाला बोलू? गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड बोलतात. पण तू जिवंत असताना मी तुझ्याशी कधी गोड बोललो नाही, आता कुठून आणू? विषमज्वर म्हणे. यंदा वाशीमभर ताप होता. ज्याला यायचा त्याला आला आणि उतरला, तुझाच तेवढा उतरायला विसरला. मी म्हातारा इथे बसलोय, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी, लुगड्याची घडीसुद्धा धड घालता येत नाही म्हणून हिची बोलणी खातो. आणि ज्याच्या बोटांत सगळं होतं तो मातीखाली. माझ्या देवाचा न्याय मला कधी कळला नाही, तुझ्या अल्लाचाही कळत नाही.

परवा तुझे अब्बा आले होते. हुसेनभाई पिंजारी म्हणजे अख्ख्या वाशीमच्या गाद्या ज्यानं पिंजल्या तो माणूस, पण माझ्या उंबऱ्यावर कामाशिवाय कधी आले नव्हते. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डोक्यावरची टोपी सारखी करत दारातच उभे राहिले.

"मास्तर, रहमान तुमच्याकडं येऊन काय करे?"

"शिकायचा. बास वाजवायला."

"ते मले ठावं हाये. पन काय शिकला? म्या त्याले एकडावही आयकलं नाई. घरी कधी आनलं नाई त्यानं."

मी म्हटलं, हुसेनभाई, ते घरी आणण्यासारखं वाद्य नाही, व्हायोलिनच्याच जातीचं पण माणसाएवढं आहे, उचलायला दोघं लागतात. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तुमी मले वाजवून दाखवा. त्यानं जे शिकलं तेच. पेटी नको, गानं नको. घरात मौत झाली हाये, गानं मले आयकवनार नाई. त्याचं जेवढं व्हतं, तेवढंच द्या."

आणि मी हो म्हणून बसलो. शुक्रवारची नमाज झाली की येतो म्हणाले आणि गेले. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलं. ज्या हातांनी मी वर्षानुवर्षं तांत दाबली नाही, त्या हातांनी मला त्या बापाला त्याचा मुलगा दाखवायचा होता. आणि काय दाखवणार होतो? आपलं वाद्य कसलं, तुला माहीत आहे. पंगतीत जेवणाऱ्याला पाटाखालची जमीन दिसते का? तसं आपलं काम. नाटकातला नट गातो, पेटी त्याच्या मागे धावते, व्हायोलिन नटतं, आणि या सगळ्यांच्या खाली आपण. तू एकदा कुरकुरलास, "मास्तर, लोक माह्याकडं पाहतबी नाईत." मी म्हटलं, तू थांबलास की पाहतील. त्या वेळी मला ते उत्तर मोठं चलाखीचं वाटलं होतं.

तू आलास ते गाद्या पिंजायला. दिवाळी होऊन गेली होती, थंडी सुटायला लागली होती. अंगणात कापसाचा ढीग घालून तू बसलास, कमान टांगलीस आणि मुठीतल्या ठोकळ्याने तांतीवर घाव घालायला लागलास. तंव्व, तंव्व. मी आत वही तपासल्यासारखं करत पडलो होतो, म्हणजे झोपलो होतो. एकाएकी आवाज थांबला. तू दाराशी.

"मास्तर, अंदर कोन गुनगुनून राह्यलं?"

"कोणी नाही."

"कोनी नाई कसं? मी थांबलो का तेबी थांबते. पन जरा उशिरानं थांबते."

चोर सापडल्यासारखा मी उठलो. कोपऱ्यात गोणपाट पांघरून बास उभा होता. मूकपटांच्या थेटरात मी ज्या गोव्याच्या म्हाताऱ्याशेजारी वाजवायला शिकलो, त्याचा तो. चित्रं बोलायला लागली तशी आम्हा वाजवणाऱ्यांची गरज संपली. म्हातारा गावी गेला, जाताना बास माझ्या गळ्यात घालून गेला, आणि मी तो आगगाडीतून, हमालांच्या शिव्या खात, वाशीमला आणला. इथे त्याला कुणी बास म्हटलं नाही. म्हैसच म्हणायचे. माझी बोटं सुजायला लागली आणि म्हैस कोपऱ्यात बांधली गेली. तुझ्या कमानीच्या घावानं तिच्या तांती आपोआप घुमत होत्या.

मी गोणपाट काढलं. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी पोटावर टपली मारली असती, सगळे तेच करतात. तू वाकून तांत पाहिलीस, नखानं चाचपलीस. "हे तं बकरीची तांत हाये! आमच्या कमानीची मोठी बहीन." आणि असा हसलास की जणू नात्यातलं कुणी भेटलं. गाद्या संध्याकाळपर्यंत तशाच पडल्या आणि त्या रात्री आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी सतरंजीवर झोपलो.

तुला शिकवताना मी किती ओरडलो, रे. तुझा उजवा हात पिंजाऱ्याचा. गज ओढायचा सोडून तू त्यानं घाव घालायचास. मी म्हणायचो, कापूस नाही तो, मारू नकोस, ओढ, गूळ ताणतो तसा सावकाश ओढ. ते तू शिकलास. डावा हातही शिकलास. पहिलं बोट, मधलं बोट, करंगळी. अनामिकेनं स्वतःचं काही करायचं नाही, करंगळीला टेकू द्यायचा. तुला त्याचं फार हसू आलं होतं. "म्हंजे इचं काम नुसतं सोबतीचं?" अंगठा मागे, आणि दाबायचं नाही, हाताचं वजन तांतीवर सोडून द्यायचं, कडुलिंबाच्या फांदीला पोरं लोंबकळतात तसं. दिवसभर कमान पेलणाऱ्या तुझ्या खांद्याला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

एक मात्र तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. वाजवताना तू तोंड फिरवायचास, ओठ घट्ट मिटायचास आणि श्वास रोखून धरायचास. मला वाटलं, हा लाजतो. मग वाटलं, माज आहे, वाद्याकडे पाहतही नाही. शेवटी एकदा मी खेकसलो तेव्हा तू म्हणालास, "मास्तर, कापूस उडते नं." जन्मभर नाकातोंडात कापूस जाऊ नये म्हणून जे करत आलास, ते तू इथेही करत होतास. इथे काहीही उडत नव्हतं. मी रोज सांगायचो, श्वास घे, रहमान, वाजवताना श्वास घे. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी तुला पाहायला आलो तेव्हा तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून ओठ मिटून पडला होतास, आणि मी वेड्यासारखा तेच म्हणालो. तुझी अम्मी माझ्याकडे बघत राहिली.

तांतींवरून आपण जेवढे भांडलो तेवढे नवरा-बायकोही भांडत नसतील. लढाई सुरू झाली आणि विलायतेहून यायच्या तांती बंद झाल्या. माझ्या जुन्या तांती उसवत चालल्या होत्या. तू म्हणालास, मी करतो. पहिली केलीस ती सरळ पिंजणाची तांत, जाड, खरबरीत, आणि कमानीला चढवतात तशी ताणून चढवलीस. पिंजाऱ्याला वाटतं, तांत जितकी कडक तितकी गुणाची. बासचं पोट करकरलं. मी धावत येऊन खुंटी सोडली नसती तर म्हशीचा खाटीकखाना झाला असता. मग तू आतडी सोलून सोलून बारीक करायला शिकलास. ती धुऊन, पिळून, आमच्या अंगणात खांबापासून लिंबापर्यंत ताणून ठेवायचास. हिचं एकादशीचं लुगडं त्याच्या शेजारी वाळत असायचं. ती काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. पण तू दिसला नाहीस की तीच विचारायची, तो आतडीवाला आला नाही का आज?

तांत एकसारखी झाली की नाही हे पाहायची तुझी तऱ्हा मी कुठेच पाहिली नव्हती. तू तिच्यावर लांबीभर कापसाचे पुंजके ठेवायचास आणि छेडायचास. सगळे एकदम उडाले तर तांत खरी. एखादा जागीच बसून राहिला तर म्हणायचास, "इथं खोट हाये," आणि ती तांत बाजूला. बहुतेकदा तुझं बरोबर निघायचं. कधी कधी साफ चुकायचं, आणि मग तू दोष कापसाला द्यायचास.

शेवटचं भांडण घोडीचं. तांतीखालची लाकडी घोडी तू कानशीनं घासत होतास. आज थोडी, उद्या थोडी. तांती बोटांखालच्या पट्टीला भिडत चालल्या होत्या, आणि नव्या तांतीही तू दिवसेंदिवस बारीक करत होतास. मी म्हटलं, अरे, ही आतड्याची तांत आहे, तिला झुलायला जागा लागते, इतकी खाली आणलीस तर आवाज मरेल. तू म्हणालास, "मरू द्या थोडासा." मी म्हटलं, तुला बास शिकायचाय की खाज आहे? हातात जोर नसेल तर पिंजाऱ्याच्या पोटी कशाला आलास? तुझ्या हातात किती जोर आहे हे मला माहीत होतं, तरी बोललो. तू कानस ठेवलीस. "तुमाले नाई समजनार," म्हणालास आणि गेलास. मग तुला ताप आला.

मधे एक गोष्ट राहिली. यंदा दिवाळीनंतर आपल्या मंडळीचं नाटक रिसोडला ठरलं होतं. पेटीवाले अण्णा खूश होते. म्हणाले, या पोरामुळे माझी पेटी पहिल्यांदा जमिनीवर उभी राहिली. ते मी तुला सांगितलं नाही, डोक्यात जाईल म्हणून. तू म्हणाला होतास, "अब्बाले मी रिसोडले नेतो. घरी नाई आयकवत. तिथं सगळे वाजवतेत, तवाच आयकवतो." दुसऱ्या अंकातलं ते संथ पद तू रात्रंदिवस घोटत होतास, कारण तुझ्या मते अब्बांना तेच आवडलं असतं.

तर मी काल तेच पद काढलं. गोणपाट काढलं, गजाला राळ लावली, दार लावून घेतलं. हिला सांगितलं, कुणी आलं तर मी नाही. पहिलं बोट तांतीवर ठेवताना मी दात आवळले, कारण ती कळ कशी येते ते मला ठाऊक आहे, कोपरापर्यंत जाते. पण तांत खाली गेली. नुसती गेली. मधलं बोट ठेवलं, पुन्हा गेली. माझी ही आल्याची बोटं, रहमान, आणि तांत त्यांच्याखाली लोण्यासारखी दबत होती. मी घोडीकडे पाहिलं. तू घासलेली ती जागा अजून पांढरी होती.

मी खाली बसलो. हिनं दार वाजवलं तरी उघडलं नाही.

तू हे माझ्यासाठी करत होतास का? की तुझी आपली पिंजाऱ्याची खोड होती, काहीतरी घासत बसायची? तुझ्या हाताला बुटकी घोडी नको होती. तुझ्या हाताला उंच घोडीही कमीच होती. मग कुणाच्या हाताला? एक शब्द बोलला असतास तर मी शिव्याच घातल्या असत्या, हे तुला माहीत होतं म्हणून बोलला नाहीस का? विचारायला तू नाहीस. आता मी जन्मभर, म्हणजे जो काही उरला आहे तो, या घोडीकडे बघून तुला विचारणार आणि तू उत्तर देणार नाहीस. इतका उद्धटपणा तू जिवंतपणी कधी केला नव्हतास. आणि तरी काल संध्याकाळी मी ते पद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. कितीतरी वर्षांनी वाजवलं. तुझ्या मरणानं मला माझा हात परत दिला, आणि मला तो नको आहे. घेऊन जा तो.

एवढं लिहून मी थांबलो होतो. आज शुक्रवार. हुसेनभाई येऊन गेले.

धुतलेला सदरा घालून आले होते. हिनं सतरंजी घातली, पाणी दिलं. बासकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पुढे होऊन तांतीवर बोट फिरवलं, तू फिरवायचास तसंच, नखानं. पीळ पाहिला. "हे त्याच्या हातचं हाये," म्हणाले. "माहा पीळ जरासा ढिला ऱ्हायते. त्याचा पक्का." आणि तो पीळ त्यांनी पुन्हा एकदा चाचपला. ते सतरंजीवर जाऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि मला मान हलवून सांगितलं, करा सुरू.

मी वाजवलं. मनातल्या मनात पद म्हणत होतो म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. नट गात होता, अण्णांची पेटी चालली होती, व्हायोलिनची ती नाजूक जागा आली तेव्हा मी थांबलो, कारण तिथे आपण थांबायचं असतं, तू तिथे कधी घाई करायचा नाहीस. हुसेनभाईंनी अदबीनं वाट पाहिली. मग पुन्हा आपले ते जाड, सावकाश स्वर. एक. थांबून दुसरा. पुन्हा पहिला. आवाज लहान होता, तू म्हणालास तसा थोडासा मेलेला, पण ओसरीला पुरेल इतका होता. एकही स्वर मी चुकलो नाही. मी तुला असं कधी वाजवून दाखवू शकलो नव्हतो. श्वास घेत वाजवलं. शेवटचा स्वर लांब ओढला, तो विझेपर्यंत गज उचलला नाही, आणि मग उचलला.

हुसेनभाई हलले नाहीत. माझ्याकडे बघत होते, गुडघ्यांवर हात तसेच. त्यांच्या तोंडावर नाराजी नव्हती. शाळेत पोर शहाण्यासारखं बसतं तसे ते बसले होते, आपल्या मुलाचं काही ऐकायला अजून कान पुढे करून. बऱ्याच वेळानं, मला घाई करतोय असं वाटू नये म्हणून अगदी हळू आवाजात, ते म्हणाले, "मास्तर, सुरू कवा होते?"

मी म्हटलं, "होते, हुसेनभाई. आता होते." आणि गज तांतीवर ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.